डॉ. विल्यम कोली : तापाला मित्र करणारा शल्यवैद्य

घरात कोणाचे अंग तापले की आपण बायका लगेच कपाळावर गार पाण्याच्या घड्या ठेवावयास बसतो. ताप हा शत्रू, तो जितक्या लवकर उतरेल तितके बरे, अशीच आपली पिढ्यानपिढ्यांची समजूत. परंतु याच तापाला हाताशी धरून कर्करोगासारख्या दारुण व्याधीवर चाल करून जाण्याचे साहस एका अमेरिकन शल्यवैद्याने सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी केले. हयातीत त्याच्या वाट्याला थोडी वाहवा आणि पुष्कळ उपेक्षा आली. मृत्यूनंतर तर त्याचे कार्य जवळजवळ पुसलेच गेले होते. ते पुसले जाऊ नये म्हणून त्याच्या मुलीने, वैद्यकाची कोणतीही पदवी नसताना, आपले उभे आयुष्य वेचले. आज जगातील मोठमोठ्या रुग्णालयांत, आणि आपल्या मुंबईतही, रुग्णाच्या स्वतःच्याच पेशींना कर्करोगाशी झुंजावयास लावणारे उपचार होऊ लागले आहेत. त्यांची वंशावळ शोधीत मागे गेले तर ती या बापलेकींच्या दाराशी जाऊन पोचते. मंडळाच्या वर्धापनदिनी भगिनींना त्यांची हकीकत सांगावी, असे म्हणूनच मनात आले.

विल्यम ब्रॅडली कोली यांचा जन्म १२ जानेवारी १८६२ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात वेस्टपोर्ट या गावाजवळ झाला. येल विद्यापीठात त्यांनी ग्रीक व लॅटिन या जुन्या भाषांचे अध्ययन केले आणि १८८४ साली पदवी मिळविली. त्यानंतर दोन वर्षे देशाच्या अगदी दुसऱ्या टोकाला, ऑरेगॉन राज्यातील पोर्टलंड शहरी त्यांनी शाळामास्तरकी केली. पण मनाचा ओढा वैद्यकाकडे होता. १८८६ साली ते हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले आणि १८८८ साली डॉक्टर होऊन बाहेर पडले. पुढे न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रियेची उमेदवारी करून १८९० साली त्यांनी स्वतंत्र व्यवसायास आरंभ केला. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठ्ठावीस होते.

त्या काळची शस्त्रक्रिया नव्या उमेदीत होती. रुग्णाला भूल देता येऊ लागली होती. जखम स्वच्छ ठेवली तर ती सडत नाही, हे लिस्टरसाहेबांनी दाखवून दिले होते. त्यामुळे चाकूने काय वाटेल ते साधेल, असा तरुण डॉक्टरांना आत्मविश्वास वाटत होता. कोलीही त्याच उमेदीने कामाला लागले. पण नियतीने त्यांच्यापुढे अगदी आरंभीच अशी एक रुग्ण आणून उभी केली, की त्या आत्मविश्वासाला मुळातूनच हादरा बसला.

तिचे नाव एलिझाबेथ डॅशिएल. घरची माणसे तिला बेसी म्हणत. वय सतरा वर्षांचे. १८९० च्या उन्हाळ्यात आगगाडीने लांबचा प्रवास करीत असताना तिचा उजवा हात डब्यातील दोन बैठकांच्या मध्ये सापडून चेंगरला. दुखापत किरकोळच वाटली. तुमच्या-आमच्या मुलीला असे झाले असते तर आपणही हळदीचा लेप लावून दोन दिवस वाट पाहिली असती. पण सूज उतरेना, दुखणे थांबेना. शरद ऋतूत ती न्यूयॉर्कला डॉ. कोलींकडे आली. आधी वाटले की मुका मार आहे, आत पू धरला असेल. शेवटी निदान झाले ते सार्कोमाचे. हाड, स्नायू, चरबी अशा भागांत उद्भवणारा हा एक भयंकर जातीचा कर्करोग. नोव्हेंबर महिन्यात कोलींनी तिचा हात कोपराखाली कापला. तथापि रोग त्याच्या आधीच अंगभर पसरला होता. अत्यंत यातना सोसून २३ जानेवारी १८९१ रोजी ती मुलगी स्वतःच्या घरी मरण पावली.

डॉक्टरांच्या आयुष्यात मृत्यू नवा नसतो. पण हा मृत्यू कोलींच्या मनाला फार लागला. आपण शिकलो ते सारे केले, वेळेवर केले, आणि तरी काहीच हाती आले नाही, ही बोच त्यांना स्वस्थ बसू देईना. बेसीला सख्ख्या बहिणीप्रमाणे मानणारा एक मुलगा होता. त्याचे नाव धाकटे जॉन रॉकफेलर, अमेरिकेतील त्या विख्यात धनाढ्य घराण्याचा वारस. पुढे कर्करोगाच्या संशोधनाला या रॉकफेलरांनी जो उदार हात दिला, त्याच्या मुळाशी बेसीच्या वियोगाचे दुःख होते असे तिच्या चरित्राचे अभ्यासक मानतात. एका मुलीच्या मृत्यूने दोन तरुणांना असे वेगवेगळ्या वाटांनी एकाच कामाला लावले.

कोली न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या दप्तरखान्यात जाऊन बसले. सार्कोमाच्या जुन्या रुग्णांची टिपणे त्यांनी एकामागून एक चाळली. बहुतेकांचा शेवट एकच होता. पण त्या जुनाट कागदांत त्यांना एक अजब नोंद सापडली. स्टाइन नावाच्या एका जर्मन माणसाच्या मानेवर सार्कोमाची गाठ होती. शस्त्रक्रिया करावी आणि गाठ पुन्हा उगवावी, असे अनेकदा झाले. शेवटी डॉक्टरांनी आशा सोडली. अशा स्थितीत रुग्णालयातच त्याला धावरे झाले.

धावरे म्हणजे आपल्या वैद्यकातील विसर्प. कातडी लालभडक होते, आग आग होते, सपाटून थंडी भरून ताप चढतो. स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूंमुळे हा रोग होतो. त्या काळी शस्त्रक्रियेनंतर धावरे झाले की डॉक्टर हबकून जात, कारण पुष्कळ रुग्ण त्यातच दगावत. पण स्टाइन दगावला नाही. ताप आला आणि उतरला, आणि त्याबरोबर मानेवरची गाठही विरून गेली. १८८४ च्या सुमाराची ही गोष्ट. तो बरा होऊन घरी गेला, एवढेच कागदावर होते.

पुढे काय झाले? तो जिवंत आहे की गाठ परतून आली? दुसरा कोणी असता तर कागद मिटून घरी गेला असता. कोलींनी मात्र न्यूयॉर्कमधील गरीब जर्मन लोकांच्या चाळवजा वस्त्या पायी पालथ्या घातल्या. जिने चढले, दारे ठोठावली, चौकश्या केल्या. अखेर स्टाइन सापडला. मानेवर जुन्या जखमेचा मोठा व्रण होता, पण गाठीचा मागमूस नव्हता. सात वर्षे लोटली होती आणि माणूस खणखणीत होता.

याचा अर्थ कोलींनी असा लावला की धावऱ्याने कर्करोगाला मारले. मग जे निसर्गाने चुकून केले ते डॉक्टरने मुद्दाम का करू नये? असाच विचार जर्मनीतील एकदोन डॉक्टरांनी त्यांच्या आधी केला होता. १८६८ साली बुश यांनी आणि १८८२ च्या सुमारास धावऱ्याच्या जंतूंचा शोध लावणाऱ्या फेलाइसेन यांनी तसे प्रयोगही केले होते. पण तो विचार नेटाने चाळीस वर्षे चालविला तो कोलींनीच.

३ मे १८९१ रोजी त्यांनी पहिला प्रयोग केला. झोला नावाचा एक इटालियन मनुष्य घशातील व मानेतील सार्कोमाने मरणपंथाला लागला होता. घास गिळणेही त्याला कठीण झाले होते. इतर रुग्णांना संसर्ग होऊ नये म्हणून रुग्णालयात न आणता, त्याच्या राहत्या जागीच कोलींनी त्याला धावऱ्याचे जंतू टोचले. पहिल्या टोचण्यांनी थोडाथोडका ताप आला, गाठ किंचित आकसली आणि पुन्हा वाढली. कोलींनी हिंमत सोडली नाही. जर्मनीतील विख्यात जंतुशास्त्रज्ञ कॉख यांच्याकडचे जोमदार जंतू त्यांनी मिळविले आणि ऑक्टोबरमध्ये ते टोचले. या वेळी खरेखुरे धावरे उसळले. झोला तापाने इतका फणफणला की तो जगतो की मरतो अशी अवस्था झाली. पण दोन आठवड्यांत मानेवरची गाठ फुटून वाहून गेली. झोला उठून हिंडू-फिरू लागला आणि पुढे आठ वर्षांहून अधिक काळ जगला.

यशाच्या या पहिल्या भरात दुसरा कोणी असता तर डांगोरा पिटून मोकळा झाला असता. पण या उपायाची दुसरी बाजूही लवकरच समोर आली. जिवंत जंतू टोचणे म्हणजे घरात वाघ पाळण्यासारखे होते. काही रुग्णांना कितीही टोचले तरी धावरे होतच नसे, तर काहींना ते आवरता येत नसे. पहिल्या डझनभर रुग्णांत दोघे जण कर्करोगाने नव्हे, तर धावऱ्यानेच गेले. कोलींनी ही गोष्ट झाकून ठेवली नाही, की धंदा चालतो आहे म्हणून तशीच पुढेही रेटली नाही. जंतू मेलेले असले तरी त्यांच्या अंगच्या विषाने ताप येईल आणि संसर्गाचा धोका टळेल, असा विचार करून त्यांनी उष्णता देऊन जंतू मारले आणि त्यात आणखी एका जातीच्या मृत जंतूंची भर घातली. हेच ते पुढे कोलींचे विष म्हणून प्रसिद्धीस आलेले औषध.

२४ जानेवारी १८९३ रोजी फिकेन नावाच्या एका तरुण मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. त्याच्या पोटात सार्कोमाचा मोठा गोळा होता आणि तो अंथरुणाला खिळला होता. डॉक्टर दर एक-दोन दिवसांनी टोचीत. मात्रा थोडीथोडी वाढवीत. दर वेळी थंडी वाजून ताप चढे आणि उतरे. असे काही महिने चालले. गोळा हळूहळू लहान होत गेला आणि मुलगा आपल्या पायांनी घरी गेला. तो त्यानंतर सुमारे सव्वीस वर्षे जगला आणि अखेर हृदयविकाराने वारला, कर्करोगाने नव्हे.

यानंतरची चाळीस वर्षे म्हणजे कोलींची तपश्चर्याच होय. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये ते कर्करोगाचे रुग्ण पाहत. पांगळ्या व अंतर्गळाच्या रुग्णांसाठी असलेल्या दुसऱ्या एका रुग्णालयात ते शस्त्रक्रिया करीत आणि पुढे तेथील शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख झाले. लहान मुलांच्या अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेत त्यांचा हातखंडा होता. त्यांचे नाव नि उत्पन्न त्या कामावर सुखाने चालले असते. पण जेथे इतरांनी हात टेकलेले असत, असे रुग्ण त्यांच्या दाराशी येत राहिले आणि ते त्यांना टोचीत राहिले. १८९९ पासून पार्क-डेव्हिस ही औषधाची कंपनी त्यांचे औषध तयार करून विकू लागली आणि अमेरिकेत व युरोपात इतर डॉक्टरही ते वापरू लागले.

मग एवढा गुणकारी उपाय मागे का पडला? भगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर ऐकताना केवळ कोलींच्या विरोधकांना दोष देऊन चालणार नाही. वैद्यकात एखाद्याला गुण आला एवढ्याने उपाय सिद्ध होत नाही. तो कितीजणांना आला, कितीजणांना आला नाही, आणि उपचार केला नसता तर काय झाले असते, हे सारे पडताळावे लागते. कोलींच्या कामात येथेच उणे होते. औषध प्रत्येक वेळी सारखे बनत नसे. एखादी घाण जोमदार, तर दुसरी निकस. टोचण्याची पद्धतही एकसारखी नव्हती. कोणाला गाठीत टोचले, कोणाला दंडात. कोणाला महिनोन् महिने, तर कोणाला चारच दिवस. इतर डॉक्टरांनी ते ऐकीव माहितीवर वापरावे, रुग्णाला ताप येऊ नये म्हणून मात्रा हलकी ठेवावी, आणि गुण आला नाही की औषधाला नावे ठेवावीत, असे होऊ लागले. १८९४ सालीच अमेरिकेतील वैद्यकीय संघाच्या नियतकालिकाने त्यांच्या उपायावर टीका केली होती.

सर्वांत मोठा विरोध झाला तो घरातूनच. मेमोरियल हॉस्पिटलमध्ये जेम्स युइंग नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. हाडांच्या एका कर्करोगाला आजही त्यांचे नाव आहे, एवढी त्यांची योग्यता. कोलींचे बरे झालेले रुग्ण मुळात कर्करोगाचे नव्हतेच, निदानच चुकले असावे, अशी शंका ते घेत. आणि त्या शंकेला प्रत्येक वेळी सूक्ष्मदर्शकाखालचा पुरावा दाखविता येईलच असे कोलींच्या बाबतीत नव्हते. शिवाय १८९५ साली क्ष-किरणांचा आणि १८९८ साली रेडियमचा शोध लागला होता. किरणांनी गाठ डोळ्यांदेखत विरघळताना दिसे. ना ताप, ना हुडहुडी, ना महिनाभर टोचण्या. साहजिकच सगळ्यांचा ओढा तिकडे गेला. कोलींनीही किरणांचा उपचार मोकळ्या मनाने करून पाहिला. पण किरणांनी विरलेली गाठ बहुधा परत येते आणि आपल्या रुग्णांपैकी काहीजण मात्र वर्षानुवर्षे निरोगी राहतात, हा त्यांचा अनुभव होता. तो अनुभव होता, सिद्धांत नव्हता. औषधाने शरीरात नक्की काय घडते, हे त्यांना सांगता येत नव्हते. जंतूंचे विषच गाठीला जाळते, अशी त्यांची समजूत होती. त्या काळच्या शास्त्राला त्याहून अधिक ठाऊकही नव्हते.

उतारवयात त्यांची प्रकृती ढासळत गेली. हातपाय व चेहऱ्याची हाडे बेसुमार वाढणारा एक विकार त्यांना जडला होता. तरीही काम सुटले नाही. १६ एप्रिल १९३६ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा मुलगा ब्रॅडली हाही हाडांच्या कर्करोगाचा नामवंत शल्यवैद्य झाला. पण बापाचा उपाय काळाच्या पडद्याआड चालला होता.

येथून पुढची कथा त्यांच्या मुलीची. हेलन कोली-नॉट्स यांचा जन्म १९०७ चा. त्यांना महाविद्यालयाची पदवी नव्हती. आपल्या घरातल्या सुना-लेकींसारखी संसारी बाई. वडील गेल्यावर त्यांचे चरित्र लिहावे, एवढाच साधा हेतू धरून त्यांनी वडिलांची जुनी पत्रे, टिपणे, रुग्णांच्या वह्या काढल्या. वाचता वाचता त्यांच्या ध्यानात आले की ज्या उपायाला जग निकामी म्हणते, त्याने बरे झालेल्या माणसांची पत्रे तर येथे गठ्ठ्यांनी पडली आहेत.

मग या बाईंनी चरित्र बाजूला ठेवले आणि वैद्यक शिकावयास घेतले, तेही घरी बसून. परिभाषा शिकल्या, जुनी नियतकालिके चाळली, देशोदेशीच्या डॉक्टरांना व रुग्णांच्या नातेवाइकांना पत्रे घातली. वडिलांनी जसा स्टाइनचा माग काढला होता, तसा त्यांनी एकेका रुग्णाचा माग काढला. कोणते औषध, किती मात्रा, किती दिवस, ताप किती चढला, निदान सूक्ष्मदर्शकाने केले होते की नाही, रुग्ण किती वर्षे जगला, असे सगळे त्यांनी तक्त्यांत मांडले. सुमारे हजार रुग्णांची अशी जंत्री त्यांनी सिद्ध केली. जेथे औषध जोमदार होते आणि टोचणे नेटाने व दीर्घकाळ चालले होते तेथे गुण अधिक आला, हे त्यातून दिसू लागले. वडिलांच्या कामातील उणे विरोधकांनी बोट दाखवून सांगितले होते. मुलीने ते मान्य करून भरून काढण्याचा यत्न केला.

मोठमोठ्या डॉक्टरांचे दरवाजे त्यांनी ठोठावले. कर्करोगावर रासायनिक औषधे शोधण्याचा तो काळ होता. पदवी नसलेल्या बाईचे, तेही स्वतःच्या बापाची कैवारी म्हणून आलेल्या बाईचे, कोण ऐकणार? पण त्या खचल्या नाहीत. १९५३ साली नेल्सन रॉकफेलर यांनी दिलेल्या दोन हजार डॉलर्सच्या देणगीवर आणि ऑलिव्हर ग्रेस या स्नेह्याच्या साहाय्याने त्यांनी कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन केली. हे नेल्सन कोण? बेसी डॅशिएलला बहीण मानणाऱ्या त्या जॉन रॉकफेलरांचेच चिरंजीव.

तरीही प्रतिकूल काळ सरला नव्हता. १९६५ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने कोलींच्या औषधाला असिद्ध उपायांच्या यादीत घातले. म्हणजे ज्या यादीत भोंदू लोकांचे गंडेदोरे, तीत डॉ. कोली! दहा वर्षांनी, १९७५ साली, ते नाव त्या यादीतून काढण्यात आले. त्याच वर्षी हेलनबाईंच्या संस्थेने वडिलांच्या नावे पारितोषिक सुरू केले. २००१ साली, वयाच्या त्र्याण्णव्या वर्षी त्या वारल्या. तोवर जगाचे डोळे उघडले होते.

जगाचे डोळे कशाने उघडले तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. गावात जसे रात्री गस्त घालणारे असतात तशा त्या शरीरभर फिरतात आणि परका जंतू दिसला की त्याचा समाचार घेतात. त्यांच्यातील टी-पेशी या छातीच्या हाडामागील थायमस नावाच्या ग्रंथीत तयार होतात. या ग्रंथीचे महत्त्व १९६१ साली जॅक मिलर या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. कर्करोगाची पेशी मात्र बाहेरून आलेली नसते. ती आपल्याच घरातली, वाट चुकलेली. म्हणून गस्तकऱ्यांना ती ओळखू येत नाही, किंवा ओळखली तरी ती त्यांना काही खुणा दाखवून थोपवून धरते. कोलींच्या टोचण्यांनी काय होत असावे? जंतू आले म्हणून सारा गाव जागा होई, मशाली पेटत, आणि त्या धामधुमीत घरातला चोरही कधीकधी सापडे. विष गाठीला जाळीत नव्हते, तर शरीरच जागे होऊन गाठीवर तुटून पडत होते, असे आज शास्त्रज्ञ मानतात.

हेलनबाईंच्या संस्थेशी निगडित असलेले डॉ. लॉइड ओल्ड यांनी १९५९ साली आपल्या सहकाऱ्यांसह दाखविले की बीसीजी टोचलेल्या उंदरांत गाठी वाढावयास अडथळा येतो. ही बीसीजी म्हणजे क्षयाची तीच लस, जी आपल्या तान्ह्या बाळांच्या दंडावर टोचतात आणि जिचा व्रण तुमच्या-आमच्या दंडावरही असेल. मूत्राशयाच्या आरंभीच्या कर्करोगावर हीच बीसीजी उपयोगी पडते, हे १९७६ साली प्रसिद्ध झाले, आणि तो उपचार आजही चालू आहे. टी-पेशींचा लगाम सैल करणाऱ्या औषधांचा पाया घालणारे जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याहून पुढची पायरी म्हणजे टी-पेशी रुग्णाच्या रक्तातून बाहेर काढावयाच्या, कर्करोगाची पेशी ओळखण्याची नवी खूण प्रयोगशाळेत त्यांच्या अंगी बाणवावयाची, त्यांची संख्या कोट्यवधींनी वाढवावयाची, आणि त्या पुन्हा त्याच रुग्णाच्या शिरेत सोडावयाच्या. २०१२ साली अमेरिकेत एमिली व्हाइटहेड या रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या लहान मुलीवर हा प्रयोग झाला. तिला पराकाष्ठेचा ताप चढला, ती मृत्यूच्या दाराशी गेली, आणि डॉक्टरांनी योग्य औषध देऊन तो ताप आवरल्यावर ती कर्करोगातून मुक्त झाली. कोलींच्या रुग्णांना येणारा तोच ताप! फरक एवढाच की तो कोठून येतो आणि कसा आवरावा हे आता डॉक्टरांना कळते.

हे सारे दूर अमेरिकेतच राहिले असते तर आपल्याला त्याचे काय? पण तसे नाही. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई या स्त्रियांच्या चळवळीत हिरिरीने भाग घेणाऱ्या होत्या. १९३१ साली त्या रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. दोराबजींच्या नावाच्या विश्वस्त निधीतून १९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. त्याच टाटा रुग्णालयाने पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेशी हातमिळवणी करून वर सांगितलेला पेशींचा उपचार आपल्या देशात तयार केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवई येथे राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचा शुभारंभ झाला. परदेशात त्याला कोट्यवधी रुपये लागतात. येथे खर्च सुमारे दहाव्या हिश्शावर आला. सामान्य संसाराला तोही डोईजडच आहे, हे खरे. आणि तो काही ठरावीक जातींच्या रक्ताच्या कर्करोगांपुरताच आहे, सर्वांना तो बरे करतोच असेही नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

ही हकीकत वाचून कोणी असा समज करून घेऊ नये की ताप आणवून घरच्या घरी कर्करोग बरा होतो, किंवा प्रतिकारशक्ती वाढविण्याच्या नावाखाली बाजारात मिळणारी चूर्णे नि काढे घेतले की झाले. कोलींनी आपल्या अपयशाचीही नोंद ठेवली, आणि त्यांच्या मुलीने गुण न आलेल्या रुग्णांनाही आपल्या तक्त्यात जागा दिली. नेमके हेच भोंदू माणूस करीत नाही. खरा वैद्य आणि खोटा वैद्य ओळखण्याची याहून सोपी खूण नाही.

बेसीचे दुखणे कोणी लपविले नव्हते. त्या काळी त्यावर उपायच नव्हता. आपल्याकडे मात्र आज उपाय असूनही कितीतरी बाया छातीतली गाठ लाजेपायी, किंवा घरच्यांना त्रास नको म्हणून, महिनोन् महिने पदराआड लपवून ठेवतात, आणि डॉक्टरांकडे जातात तेव्हा वेळ गेलेली असते. लवकर सापडलेली गाठ आजच्या साध्या उपचारांनीही पुष्कळदा बरी होते. कोलींचे चरित्र वाचून आपल्यापैकी एकीने जरी आपली, आपल्या सासूची वा जावेची अशी गाठ वेळेवर डॉक्टरांना दाखविली, तरी त्या बापलेकींच्या कष्टांचा थोडासा वाटा आपल्याही आळीत पोचला असे म्हणता येईल.